मागच्या फळीतला माणूस

फुटबॉलपटू राहुल भेके भारताकडून पहिला सामना खेळला तो ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधल्या किंग्ज कप स्पर्धेत, कुरासावच्या संघाविरुद्ध. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. भारतासाठी पहिला गोल त्याने केला १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला, मालदीवविरुद्ध. तोवर त्याने वयाची ३४ वर्षं पूर्ण केली होती. सुनील छेत्रीने भारतासाठी पहिला गोल केला तो विसाव्या वर्षी, पहिल्याच सामन्यात. छेत्रीची गुणवत्ता असाधारण आहे हे खरंच, पण या चौदा वर्षांच्या फरकाचा मोठा हिस्सा मैदानावरच्या जागेचा आहे. एक पुढे खेळतो, दुसरा मागे. आणि मागे खेळणाऱ्याची कारकीर्द उशिरा पिकते.

मुंबईत जन्मलेल्या या बचावपटूची गोष्ट बऱ्हाणपुरात बसून लिहावीशी वाटली, त्याला कारण आहे. आपल्या बाजूला संध्याकाळी मैदानात जितक्या बॅटी दिसतात तितका फुटबॉल दिसत नाही. जिथे दिसतो, तिथे संघ पाडताना पहिली भांडणं होतात ती पुढे कोण खेळणार यावरून. चपळ पोरं पुढे जातात, बरी खेळणारी मध्ये उभी राहतात, आणि उरलेला मुलगा, मग तो मंद असो, लाजाळू असो की नुसताच धिप्पाड, मागे ढकलला जातो. ‘तू मागे थांब, चेंडू आला की जोरात मार.’ त्याला मिळणारं प्रशिक्षण इथेच संपतं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये बचावपटूला जे करावं लागतं, त्याच्या बरोबर उलटं असं हे शिक्षण आहे.

बऱ्हाणपूरकरांना बचाव समजवायला परक्या मुलखातला दाखला लागत नाही. उत्तरेला वीस किलोमीटरवर असीरगड आहे. दक्षिणेचं दार म्हणून ओळखला जाणारा हा गड तीन टप्प्यांत बांधलेला आहे: खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीरगड. फुटबॉल संघाचा बचावही असाच तीन पदरी असतो. चेंडू हातचा गेला की पहिला अडथळा आघाडीच्या खेळाडूंचा, दुसरा मधल्या फळीचा आणि तिसरा मागच्या चौघांचा. अकबराने महिनोन्महिने वेढा दिला तरी असीरगडाचा तट फुटला नाही. १६०१ च्या जानेवारीत गड पडला तो वाटाघाटी, रोगराई आणि आतल्या माणसांचं फुटणं यांमुळे. फुटबॉलमधले बहुतेक गोलही असेच होतात. चार जणांच्या ओळीतला एक जण नको तेव्हा पुढे येतो, दुसऱ्याला वाटतं की तो माणूस तिसऱ्याने धरला आहे, आणि त्या क्षणभराच्या गैरसमजातून वाट मोकळी होते.

ही ओळ इतकी महत्त्वाची का, हे कळायला ऑफसाइडचा नियम समजून घ्यावा लागतो. आपल्या साथीदाराने चेंडू पुढे ढकलला त्या क्षणी आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड असतो. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षकच असल्यामुळे प्रत्यक्षात ही रेषा ठरते ती सर्वांत मागे उभ्या असलेल्या बचावपटूवरून. १९२५ पर्यंत गोलरेषेच्या बाजूला तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. त्या वर्षी तिनाचे दोन केले, आणि पुढच्या एकाच हंगामात इंग्लिश लीगमधले गोल सुमारे एक तृतीयांशाने वाढले. संघ गडबडले. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मध्यभागी खेळणाऱ्या एका गड्याला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. आजचा सेंटर बॅक जन्माला आला तो या नियमबदलाच्या पोटी.

दुसरा मोठा बदल १९९२ चा. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे २.२१. इतकी कमी सरासरी कोणत्याही विश्वचषकात नव्हती. आघाडी मिळालेला संघ चेंडू मागे गोलरक्षकाकडे द्यायचा, तो हातात घ्यायचा, वेळ काढायचा, पुन्हा तेच. १९९२ पासून साथीदाराने जाणूनबुजून पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घ्यायला बंदी आली. त्या दिवसापासून नुसता जोरात मारणारा बचावपटू कालबाह्य व्हायला लागला. अंगावर प्रतिस्पर्धी धावून येत असताना चेंडू थांबवणं, मान वर करणं आणि तीस-चाळीस मीटरवरच्या आपल्या गड्याकडे तो नेमका पोचवणं हे आता त्याचं रोजचं काम आहे. ‘चेंडू आला की जोरात मार’ असं सांगणारे आपण ही गोष्ट अजून लक्षात घेतलेली नाही.

चांगल्या बचावपटूकडे सामन्यात दहा मिनिटं तरी नुसतं बघावं, चेंडू कुठेही असो. तो समोरच्याला छाती करून उभा राहत नाही. एक खांदा पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, वजन पंजांवर. असं तिरकं उभं राहिलं की समोरचा कोणत्याही बाजूने निघाला तरी वळायला अर्धं पाऊल पुरतं. शिवाय त्याला कोणत्या बाजूला जाऊ द्यायचं हे आपण ठरवू शकतो, आणि शक्यतो त्याला कडेच्या रेषेकडे ढकलायचं असतं, कारण तिथून गोलचा कोन अरुंद होत जातो. नजर चेंडूवर ठेवायची. खांदे, कंबर, डोळे हे सगळे फसवतात. दोघांमधलं अंतर हात-दीड हात. त्याहून जवळ गेलं की तो चेंडू बाजूने काढतो, लांब राहिलं की फटका मारतो. घसरत जाऊन केलेल्या टॅकलला प्रेक्षक टाळ्या वाजवतात. प्रशिक्षकाला मात्र त्या आधी कुठे उभं राहायचं चुकलं हे दिसतं. घसरून जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे दोन-तीन सेकंद सामन्याच्या बाहेर असतो.

मानेचं काम तर कुणाच्याच ध्यानात येत नाही. दर काही सेकंदांनी तो चेंडूवरची नजर काढून खांद्यावरून मागे पाहतो, कारण पाठीमागून कोण सरकतंय हे त्याला ठाऊक असावं लागतं. आणि तोंड अखंड चालू. ‘मॅन ऑन!’ (माणूस अंगावर आहे), ‘टाइम!’ (वेळ आहे), ‘आऊट!’ ही शेवटची आरोळी आली की चेंडू दूर गेल्याबरोबर चौघांनी एकदम पुढे सरकायचं असतं. एक जण मागे राहिला तर समोरच्या संघाचे सगळे जण ऑनसाइड होतात. लाजाळू मुलाला मागे उभं करण्यातली चूक इथे आहे. संघात सर्वांत जास्त बोलणारा माणूस मागे लागतो.

हे सगळं अंगी मुरायला वर्षं जातात, आणि म्हणूनच भेकेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सुरुवात मुंबई एफसीत, खालिद जमील यांच्या हाताखाली. मोठ्या पैशाचा नसलेला आणि मुख्यतः चिवट बचावावर तगून राहणारा हा संघ होता. बचावपटूला शिकायला यापेक्षा चांगली शाळा नसते. तिथून कोलकात्याचा ईस्ट बंगाल. मग २०१५ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगाम केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ चा एफसी पुणे सिटीकडून. यादी वाचून वाटेल की माणूस कुठे टिकतच नव्हता. तसं नव्हतं. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा ती वर्षाच्या शेवटी जेमतेम अडीच-तीन महिने चालायची, आणि आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगचा हंगाम त्यानंतर सुरू व्हायचा. त्यामुळे एकच खेळाडू एका क्लबशी करारबद्ध राहून काही महिने दुसऱ्या क्लबकडे उसना जायचा. वर्षात दोन शहरं, दोन प्रशिक्षक, शेजारी उभा राहणारा जोडीदार वेगळा. आघाडीच्या खेळाडूचं यात फार बिघडत नाही. बचावपटूचं सगळं काम शेजाऱ्याशी असलेल्या समजुतीवर चालतं, त्याला ही फिरती जड जाते. २०१७ मध्ये भेके बंगळुरू एफसीत गेला आणि पहिल्यांदा एका जागी चार हंगाम स्थिरावला. भारतीय संघाचं दार उघडलं ते याच काळात.

बंगळुरूतली एक घटना सविस्तर सांगायला हवी. १७ मार्च २०१८ रोजी आयएसएलचा अंतिम सामना बंगळुरूच्याच मैदानावर होता, चेन्नईयिनविरुद्ध. नवव्या मिनिटाला छेत्रीने गोल केला, आणि त्यानंतर चेन्नईयिनचा ब्राझिलियन सेंटर बॅक मैल्सन आल्वेस याने पहिल्या अर्ध्यातच दोन कॉर्नरवर दोन हेडर मारून सामना फिरवला. बंगळुरू ३-२ ने हरलं. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, बंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात होतं. या वेळी मैदान मुंबईचं, समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळही संपत आलेला. ११७ व्या मिनिटाला डिमास डेल्गाडोने कॉर्नर मारला आणि भेकेने तो डोक्याने जाळ्यात घातला. १-० ने विजेतेपद. आदल्या वर्षी ज्या कॉर्नरने घात केला त्याच कॉर्नरने चषक दिला, आणि तो आणला मागच्या फळीतल्या माणसाने, त्याच्या जन्मगावात.

कॉर्नरला सेंटर बॅक पुढे का जातात, याचंही उत्तर सरळ आहे. हवेतला चेंडू वाचणं हे त्यांचं रोजचं काम असतं. स्वतःच्या गोलसमोर तो चेंडू बाहेर काढताना उडी कधी घ्यायची हे जे गणित पक्कं होतं, तेच दुसऱ्या टोकाला वापरायचं. बंगळुरूनंतर मुंबई सिटीकडून खेळताना ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधला भेकेने पुन्हा हेच केलं. इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर त्याचं हेडर गेलं आणि मुंबई सिटी २-१ ने जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. पुढे ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबई सिटीने आयएसएल चषक जिंकला, तेव्हा कर्णधाराचा पट्टा भेकेच्या दंडावर होता.

तरीही माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा सामना तो आहे, ज्यात कुणीच गोल केला नाही. सप्टेंबर २०१९, विश्वचषकाची पात्रता फेरी. पाच तारखेला गुवाहाटीला भारत ओमानविरुद्ध १-० ने पुढे होता आणि ८२ व्या मिनिटापासून दोन गोल खाऊन हरला. पाच दिवसांनी दोहा. समोर कतार, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आशियाई विजेते ठरलेले. छेत्री आजारी, संघाबाहेर. कतारने २७ वेळा गोलच्या दिशेने प्रयत्न केले. गुरप्रीत सिंग संधूने गोलमध्ये कमाल केली आणि सामना ०-० राहिला. गुरप्रीतचं कौतुक झालं ते रास्तच होतं, पण त्या रात्री त्याच्यापुढे उभे असलेले चौघे कोण होते ते पाहा. उजवीकडे मुंबईचा भेके, मध्ये चंदीगडचा संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडे म्हापशाचा मंदार राव देसाई. चारातले तिघे महाराष्ट्र-गोव्याचे. आदिल मूळचा मधल्या फळीतला. मंदार तर कडेने पुढे धावणारा विंगर; एफसी गोव्यात सर्जिओ लोबेरा यांनी त्याला लेफ्ट बॅक केलं. भेके क्लबनुसार कधी मध्ये, कधी उजवीकडे. लहानपणापासून ठरवून याच जागेवर खेळत आलेले या फळीत थोडेच होते. बचावपटू पुष्कळदा असाच, दुसऱ्या जागेवरून सरकत घडतो, आणि तिथे शिकलेलं घेऊन येतो. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलावर ‘हा बॅक’ असा शिक्का मारणं मला पटत नाही. त्याला सगळीकडे खेळू द्यावं.

उलटा प्रवासही आपल्या इतिहासात आहे, आणि तो फार थोर आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा पोलादी बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम झाली. टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर बसवण्याऐवजी आघाडीला खेळवलं, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला. भारत २-१ ने जिंकला. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं ते आपलं आजवरचं शेवटचं सुवर्ण.

जोडीचं महत्त्व पाहायचं तर गोव्याच्या धेंपो क्लबकडे पाहावं. महेश गवळी आणि समीर नाईक हे तिथे वर्षानुवर्षं शेजारी खेळले, आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली. त्या काळात धेंपोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशा तीन आय-लीग जिंकल्या. दोघेही पुढे प्रशिक्षणात गेले. गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांमध्ये, नाईक धेंपोतच. बचावपटू चांगला प्रशिक्षक का होतो याचं मला वाटणारं कारण असं की तो संपूर्ण सामना समोर पसरलेला बघत खेळलेला असतो.

आता काळजीच्या गोष्टी. त्या घरच्यांनी आधी जाणून घ्यायला हव्यात. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. सर्वसाधारण लोकांपेक्षा या खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाचे आजार साडेतीन पट आढळले. २०२१ मध्ये जागेनुसार पाहिलं तेव्हा बचावपटूंमध्ये हे प्रमाण जवळपास पाचपट निघालं, तर गोलरक्षकांमध्ये ते सामान्यांपेक्षा ठळकपणे वेगळं नव्हतं. वर्षानुवर्षं चेंडू डोक्याने मारण्याकडे संशयाची सुई आहे. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायलाच बंदी आहे. आपल्याकडच्या प्रशिक्षकांनीही लहान मुलांना हेडरचा सराव देऊ नये, किमान फुगा किंवा हलका चेंडू वापरून फक्त वेळ साधायला शिकवावं, असं मी आग्रहाने सांगेन.

गुडघ्याचं दुखणं वेगळंच. दोहाच्या सामन्यानंतर महिनाभरात, बांगलादेशशी सामना तोंडावर असताना, झिंगनच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि तो दीर्घकाळ बाहेर बसला. पोटापाण्याचाही भरवसा नाही. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला आणि देशातल्या बड्या क्लबांनीही खेळाडूंचे पगार रोखत असल्याचं जाहीर केलं. नेमक्या त्याच काळात खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये भारत तिसरा आला. ताजिकिस्तानवरच्या २-१ विजयात भारताचे दोन्ही गोल बचावपटूंचे होते, अन्वर अली आणि झिंगन यांचे. इराणविरुद्ध झिंगन जायबंदी झाला. ओमानविरुद्धच्या पेनल्टीच्या फेरीत गोल करणाऱ्यांत भेके होता, मुंबई एफसीतल्या आपल्या जुन्या गुरूच्या संघासाठी.

बऱ्हाणपूरच्या मुलाला या वाटेवर जायचं तर सुरुवात शाळेपासूनच आहे. शालेय स्पर्धांतून १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकापर्यंत जाता येतं, राज्याच्या निवड चाचण्यांतून संतोष करंडकाच्या संघापर्यंत. आपलं स्टेशन मुंबई-इटारसी मार्गावर आहे, त्यामुळे मुंबईच्या चाचण्या एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. आणि लहान गावातून खेळ उभा राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यातलं बिचारपूर पाहावं. तिथल्या घराघरांतून फुटबॉलपटू निघतात, आणि २०२३ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्या गावाचं नाव घेतल्यावर सगळ्या देशाला ते कळलं.

शाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: यंदा संघ पाडताना सर्वांत हुशार, सर्वांत बोलका मुलगा एकदा मागे खेळवून पाहा, आणि तो सतराव्या वर्षी निवडला गेला नाही म्हणून त्याचं नाव खोडू नका.